वैशालीचं चौथं आदण

बारामतीच्या एसटी स्टँडवर मी उतरले तेव्हा माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर कमरेपासून गुडघ्यापर्यंत लाल डाग पसरला होता आणि कंडक्टर मागून ओरडत होता, "ओ ताई, लागलं का काय तुमाला?"

लागलं काही नव्हतं. मे महिन्याचं ऊन, खिडकीकडची जागा आणि मांडीवरची पिशवी. त्या उकाड्यात पिशवीतल्या एका बाटलीचं बूच उडालं होतं. शेजारच्या आजीबाईंनी डागाला बोट लावून बिनदिक्कत चाटलं आणि सगळ्या गाडीला निकाल दिला, "रगत न्हाय बया, ठेचा हाय."

"ठेचा नाही आजी, सॉस आहे. लसणाचा."

"त्येच की. पानी घातल्याला ठेचा." मग पुन्हा बोट चाटून म्हणाल्या, "तिखट का न्हाय पर?"

तिखट का नाही, हे सांगण्यासाठीच मी या तालुक्यांत आले होते. इकडे मी पहिल्यांदाच येत होते. येण्याचं कारण मात्र तीन वर्षं माझ्या शेजारच्या कॉटवर झोपत होतं.

वैशाली पळसदेवची. उजनी धरणाचं पाणी मागे जिथवर पसरतं त्या काठावरचं हे गाव. तिचे वडील मासे धरतात. मी जळगावकडची, माझे वडील केळीच्या बागेत मजुरीला जायचे. फूड टेक्नॉलॉजीच्या वर्गात आम्ही दोघी शेजारी बसलो, कारण बाकीच्यांच्या घरी कॉलेज म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नव्हतं आणि आमच्या घरी लागत होतं. आमच्या अख्ख्या खानदानात पदवी घेणारी मी पहिली. हे मी कुठंही, कुणालाही, विचारलं नाही तरी सांगते. वैशालीही सांगायची. पुढे पुण्यात दोघींनी एकाच कंपनीत चव तपासण्याची नोकरी धरली, एकच खोली घेतली आणि रविवारी त्या खोलीत सॉस शिजवायला लागलो.

कल्पना तिची. तिच्या आईला वर्षानुवर्षं मिश्री लावायची सवय. गालात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. आई वाचली, पण तोंड असं हुळहुळं झालं की साधी आमटी जिभेला लागली तरी डोळ्यांतून पाणी यायचं. जी बाई पाट्यावर लसूण-मिरची रगडून तिच्यावर भाकरी खायची ती दूधभाकरीवर आली. "आईला लसणाची चव परत द्यायची," वैशाली म्हणायची. म्हणून भाजलेला लसूण, रंगापुरती ब्याडगी मिरची, थोडं व्हिनेगर आणि साखरेऐवजी काकवी. जीभ न भाजणारा सॉस.

एका वेळी जेवढा सॉस शिजतो त्याला ती आदण म्हणायची. गुऱ्हाळात एका कढईत एका वेळी जेवढा उसाचा रस आटवतात, त्याला हा शब्द आहे. प्रत्येक आदणाच्या बाटल्या ती गावाकडे न्यायची. आधी माळेगावला मामाकडे, मग लोणी देवकरला एका भजीवाल्याकडे आणि शेवटी आईकडे. तिनं नियमच केला होता: आईनं 'व्हय' म्हटल्याशिवाय बाटलीवर नावाची चिठ्ठी लावायची नाही. चिठ्ठ्या छापून तयार होत्या. आईनं तीन वेळा 'न्हाय' म्हटलं. पहिल्यात लसूण कच्चा, दुसऱ्यात मिरची झोंबली, तिसरं फारच गोड.

चौथं आदण जानेवारीत झालं. त्या बाटल्या गावाला जायच्या आधी वैशालीला ताप भरला. त्या तापातून ती उठली नाही. महिना संपायच्या आत ती गेली.

बाटल्या खोलीतच राहिल्या. मी रोज त्यांच्याकडे बघत नोकरीला जायचे. मे महिन्यात एके दिवशी बाटल्या पिशवीत घातल्या, चिठ्ठ्यांचं पाकीट तळाशी ठेवलं आणि निघाले. आईचं 'व्हय' आणायला.

बारामती

डाग धुवून निघेना. तशीच स्टँडजवळच्या एका खाणावळीत शिरले. बाई चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. आमच्याकडे कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद मिसळून दळलेली; ती जाड आणि खरपूस. इकडची बाजरीची भाकरी पातळ, एवढी मोठी की ताटाबाहेर लोंबते. सोबत पिठलं आणि कांदा.

सवयीनं मी अर्धी उरलेली बाटली काढली आणि पिठल्यावर सॉस घेतला. जीभ तयार करायची म्हणून. आम्ही कंपनीत रोज हेच करतो. बाईंचा हात पिठाच्या गोळ्यावर थांबला.

"का ओ? आमचं पिठलं पसंत न्हाय व्हय?"

"तसं नाही ताई, मी—"

"मग घरनं कालवण आनलंय? हाटेलात येऊन सोताचं कालवण खानारं गिऱ्हाईक पयल्यांदा बघितलं."

मी शरमेनं लाल झाले. जेवू घालणाऱ्याच्या ताटात आपली चव मिसळायची नाही, हे आमच्याकडेही कळतं. डिग्री घेतल्यावर मीच विसरले होते. बाटली त्यांच्यापुढे केली. त्यांनी भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात टाकला आणि चूल फुंकल्यासारखं तोंड केलं.

"लहान पोराला बरंय. नाय तर दात पडलेल्याला."

"ज्याचं तोंड आलंय त्याच्यासाठी आहे."

"आसं व्हय?" त्यांचा आवाज खाली आला. "मग पिठल्यासंगं नका देऊ. पिठल्यात बी लसूण, ह्यात बी लसूण. दोन सवती एका घरात. दह्याच्या भातासंगं द्या."

मी दहीभात मागितला. थंड दह्यात सॉसची एक रेघ ओढली. लसूण त्यात हळूच पसरला आणि मिरची नुसता रंग होऊन राहिली. बाईंचं खरं होतं. असं खाणं दुखऱ्या तोंडाला गेलं असतं. पळसदेवला गेल्यावर मावशींना, म्हणजे वैशालीच्या आईला, आधी हेच द्यायचं, असं मी ठरवून टाकलं. आता आठवलं की त्या ठरवण्याचं वाईट वाटतं.

माळेगाव बुद्रुक

बारामतीहून माळेगाव जवळ. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस. कारखान्याचा हंगाम संपलेला, त्यामुळे ट्रॅक्टरच्या रांगा नव्हत्या. रस्त्यावर चिपाडं पडली होती आणि हवेत मळीचा जुना आंबूस वास होता. वैशालीच्या मामांचं गुऱ्हाळ गावाबाहेर आहे. तेही बंद होतं. चुलवाण थंड आणि भली मोठी कढई पालथी घातलेली.

मामांनी मला ओळखलं ते कुर्त्यावरच्या डागामुळे.

"जळगाववाली ना तू? अंगावर घिऊन आलीस व्हय सॉस?"

वैशालीच्या घरी माझं नाव योगिता आहे हे कुणाला माहीत नाही. त्यांच्यासाठी मी जळगाववाली.

मामांनी गूळ-पाणी दिलं. मग स्वतःच घरातून गरम भाकरी आणली, पण तिला हात लावला नाही. मी बाटली उघडली. त्यांनी बोटाच्या टोकावर थेंब घेतला आणि जिभेला लावला.

"काकवी लागती," ते म्हणाले.

"लागते ना. तुमचीच आहे."

"तिनं फोन क्येलता. म्हनली, मामा, यंदा काकवी काळी का आली? म्हनलं, लोखंडाची कढई हाय माझी. काळी न्हाय तर काय गोरी यील?" ते हसले आणि हसता हसता उठून पालथ्या कढईपाशी गेले. तिला हातानं उगाच थोपटलं. पाठ माझ्याकडे ठेवून विचारलं, "जास्त झालीय का? काकवी?"

मी भाकरीवर सॉस घेऊन खाल्ला. कोरड्या बाजरीवर गोडवा आधी येत होता, पण बरोबर थांबत होता. तिसऱ्या आदणात तो भाकरीवर बसून राहिला होता. "नाही मामा. आता बरोबर आहे."

"बरोबर क्येलं तिनं," ते कढईला म्हणाले.

रात्री तिथंच राहिले. सकाळी निघताना त्यांनी काकवीचा छोटा कॅन पिशवीत घातला. मी एसटीत चढत होते तेव्हा म्हणाले, "अक्काकडं चाललीस. जा. पर तितं हट्ट करू नगंस."

"कसला हट्ट?"

"जा तू. गाडी सुटली."

लोणी देवकर

दुसऱ्या दिवशी इंदापूरला उतरून दुसरी गाडी धरली आणि लोणी देवकरला आले. पुणे-सोलापूर रस्त्याला लागून इथं औद्योगिक वसाहत आहे. ऊस आणि डाळिंबाच्या बागा संपतात आणि एकदम पत्र्याच्या शेड, कंपाऊंड, ट्रक. पाळी सुटली की कामगार रस्त्यापलीकडच्या टपऱ्यांवर येतात. त्यातली एक दत्तूनानांची. वैशाली पुण्याला यायच्या आधी इथल्या एका कारखान्यात फळांचा गर डब्यात भरण्याच्या कामावर होती. पदवीधर मुलगी हेल्मेट घालून भजी खायला येते, याची तेव्हा नानांना फार मौज वाटायची. इथंच एक गाळा भाड्यानं घ्यायचा आणि सॉस करायचा, असं आमचं ठरलं होतं. रस्त्यापलीकडचा बंद शटरचा गाळा तिनं मला फोनवर दाखवला होता. तो अजून बंदच आहे. मी तो नीट बघितला आणि तोंड फिरवलं.

नानांची नावं ठेवण्याची हातोटी मी ऐकून होते. पहिल्या आदणाला ते म्हणाले होते, "वैशे, ह्यो सॉस न्हाय, बाळंतिणीचा काढा हाय." दुसऱ्याला, "एवढ्या लसणात पितर उठून बसत्याल." तिसऱ्याला, "जावयाला दे, लगीच हो म्हनंल." वैशाली हे पुण्याला येऊन नानांच्या आवाजात सांगायची आणि आम्ही हसून हसून कॉटवर पडायचो.

मी बाटली पुढे ठेवली. कोण, कुठून आले ते सांगितलं. नानांनी झारा कढईत ठेवून दिला, हात पुसले. एका कांदाभज्यावर सॉस घेतला. खाल्ला. दुसऱ्यावर घेतला. गरम तेलकट भज्यावर हा सॉस नुसता चमकतो. तेल त्याचा आंबटपणा पोटात घेतं आणि लसूण वर येतो. माझ्या मते हीच त्याची खरी जागा. मी वाट बघत होते.

"झ्याक हाय," नाना म्हणाले.

"नाना, नावं ठेवा की."

"चांगला झालाय की ग."

"एवढंच? तिखट नाही म्हणा. पाण्यासारखा आहे म्हणा. काहीतरी म्हणा."

नाना माझ्याकडे बघत राहिले. साठीचा माणूस, शब्दाला कधी न अडणारा.  मग झारा उचलून कढईत उगाच ढवळत म्हणाले, "कुनाला म्हनू? ऐकनारी न्हाय तर नावं ठिवून काय चव येती व्हय?"

पाळी सुटली होती. चार-सहा कामगार आले. त्यातला एक बाटली बघून ओरडला, "आर्र! वैशालीताईंचा बिनतिखट आला का न्हाय परत!" आणि दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं.  मग सगळ्यांनी प्रत्येक भज्यावर तो घेतला. बाटली रिकामी झाली तेव्हा एकानं ती उलटी करून तळहातावर थोपटली.

माझ्याकडे आता शेवटची भरलेली बाटली राहिली. मावशींची.

पळसदेव

मे महिन्यात उजनीचं पाणी मागे सरतं. पळसदेवला उतरून पाण्याकडे चालत गेलं की आधी हिरवं लागतं, मग भेगाळलेला गाळ, आणि त्या गाळात जुनं देऊळ उघडं पडलेलं. एरवी ते पाण्याखाली असतं. दगडांवर पाण्याच्या रेघा, शिखरावर बगळे. धरणानं जुनं गाव पोटात घेतलं, नवं गाव वर वसलं आणि उन्हाळ्यात जुनं गाव वर येऊन बघून जातं. आमच्या जळगावकडे उन्हाळ्यात नदीत नुसती वाळू उरते. गेलेलं काही परत दिसत नाही. कोणतं बरं, मला सांगता येणार नाही.

वैशालीचं घर काठापासून थोडं वर. अंगणात आबा, म्हणजे तिचे वडील, जाळं सांधत बसले होते. मामांनी फोनवर मी येतेय एवढंच कळवलं होतं. आबांनी हाक दिली, "अगं ए, जळगाववाली आली."

मावशी बाहेर आल्या. गालाला आत खड्डा, तोंडावर पदर. मला जवळ घेतलं, पण रडल्या नाहीत. पाणी दिलं. कुर्त्याचा डाग बघून म्हणाल्या, "सोड ते, मी धुते."

मी धीर धरायला हवा होता. पण दोन दिवस तेच मनात घोळवत आलेली. बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली, चिठ्ठ्यांचं पाकीट शेजारी ठेवलं.

"मावशी, तिचं शेवटचं आदण. तुमच्यासाठी केलेलं. चाखा आणि सांगा."

त्यांनी बाटलीला हात लावला नाही. लावावासा वाटतोय हे दिसत होतं.

"मी लसूण सोडलाय ग."

मला कळलं नाही. "डॉक्टरांनी सांगितलं?"

"डॉक्टर कशाला सांगतोय? तिच्या नावानं सोडला."

ही रीत आमच्याकडेही आहे. जवळचं माणूस गेलं की त्याच्या आवडीचं एखादं खाणं त्याच्या नावानं सोडायचं. माझ्या आजीनं आजोबांच्या मागं सीताफळ सोडलं होतं. पण सीताफळ वर्षातून महिनाभर येतं. रोजच्या चुलीतला लसूण कुणी सोडल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"दहाव्याला पाण्यात उभी हुते," मावशी सांगू लागल्या. "बायका म्हनल्या, काय सोडतीस? तिला काय आवडायचं? लहानपनी चुलीतला भाजल्याला लसूण सोलून खायाची ती. राखेनं तोंड माखायची. मला तीच दिसली. तोंडातनं लसूण गेलं."

"आमी समद्यांनी सांगितलं," आबा जाळ्यातून मान वर न काढता म्हणाले. "आंबा म्हन, बोरं म्हन. ही ऐकती व्हय?"

"रोज आठवती तर रोजचंच सोडाय पायजे."

मला राग आला. खरं सांगते, दुःखाआधी रागच आला. मी म्हणाले, "मावशी, ती हे तुमच्यासाठी करत होती. तुम्हाला लसूण खाता यावा म्हणून. आणि तुम्ही तिच्याच नावानं तोच सोडला? हे तिला आवडलं असतं? तिचा आत्मा—" आत्म्याबित्म्यावर माझा विश्वास नाही, तरी बोलून गेले. "एक थेंब. जिभेच्या टोकाला. ह्यानं काय मोडतं?"

मामांनी सांगितलेला हट्ट हाच होता. तो करून झाल्यावर मला उमगलं.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "तुझं शिकल्याल्याचं खरं असंल. माझा शबूद बी खरा हाय. पाण्यात पडल्याला शबूद काढता येत न्हाय, बाळ." मग बाटलीकडे बघून, अगदी हळू, "मला काय ठावं, ह्ये आदण झालंय म्हनून. तिनं सांगितलंच न्हवतं. मला अचानक द्यायचं म्हनत असंल."

तसंच म्हणत होती ती. 

थोड्या वेळानं मावशी उठल्या. आबांनी सकाळी धरलेली चिलापी होती. इकडं जाळ्यात हाच मासा जास्त येतो. काटेरी, पण मांस गोड. त्यांनी ती साफ केली, मीठ, हळद, चिंचेचा कोळ लावला आणि तव्यावर टाकली. लसूण नाही. त्या घरात माशाचा वास लसणाशिवाय येत होता आणि ते सगळ्यांना कळत होतं. माझं ताट वाढलं. स्वतःसाठी दूधभाकरी कुस्करली, पण खाल्ली नाही. माझ्यासमोर मांडी घालून बसल्या.

"घे त्यो माशावर. खा. आन् मला सांग."

"काय सांगू?"

"कसा लागतोय त्यो. तुमी तेच शिकलाय न्हवं?"

आम्ही तेच शिकलोय. पण कंपनीत चव घेताना बोलायचं नसतं. पांढऱ्या खोलीत बसून आकडे भरायचे असतात, आंबट अमुक, तिखट तमुक. एका भुकेल्या माणसाला चव तोंडानं सांगायचं कुणी शिकवलं नाही.

मी घास घेतला. डोळे मिटले.

"आधी गोड लागतं," मी म्हणाले. "मामांची काकवी. पण उसाच्या रसासारखं नाही. भाकरी तव्यावर जरा जास्त राहिली की कडेला लागते तशी गोडी."

"व्हय. मग?"

"मग लसूण येतो. कच्चा नाही. चुलीच्या राखेत भाजायचा, सालीतून दाबला की मऊ बाहेर येतो, तो."

मावशींचा हात आपोआप वर आला. दोन बोटं दाबली गेली, साल काढल्यासारखी. आबांचं जाळं थांबलं.

"मिरची?"

"मिरची येते, पण दारातच थांबते. आत येत नाही. नुसतं 'आहे मी' म्हणते."

"भाजत न्हाय?"

"नाही. तुम्हाला भाजलं नसतं मावशी."

त्यांनी आवंढा गिळला. काही खाल्लेलं नसताना गिळला. "आन् शेवटाला?"

इथं मी थांबले. भज्याच्या तेलात जे लपलं होतं ते माशावर लपत नव्हतं. चिंच होतीच, त्यात व्हिनेगर. घास गेल्यावरही जिभेच्या कडांना आंबट राहत होतं. थोडंसंच. पाकीट समोर पडलं होतं. मी 'बरोबर आहे' म्हटलं असतं तर वैशालीचं आदण पुरं झालं असतं आणि मी चिठ्ठी लावून पुण्याला गेले असते. नाही म्हटलं तर पुढचं आदण करायला वैशाली नव्हती.

"सांग की," मावशी म्हणाल्या.

"शेवटाला आंबट राहतंय."

आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "चालतंय की ग एवढं तेवढं."

"राहतंय आबा. ती असती तर तिलाही हेच सांगितलं असतं."

मावशींच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पदराआड त्या हसल्या असाव्यात. त्या गालानं हसताना दुखतं त्यांना. "म्हनायची ती. जळगाववाली तोंडावर सांगती, म्हनून तिच्यासंगं ऱ्हाते." मग पाकीट माझ्याकडे सरकवलं. "मग लावू नगंस चिठ्ठी."

"पण मावशी, पुढचं तिच्या हातचं नसणार."

 हे बोलताना मला रडू आलं, ताटावरच. मावशींनी मला रडू दिलं. आबांनी मुकाट्यानं ती बाटली ओढून घेतली, भाकरीवर ओतली आणि खाऊ लागले. "मला काय कळतंय चवीतलं," असं म्हणत त्यांनी बाटलीचं तोंड बोटानं निपटून घेतलं.

सकाळी निघाले तेव्हा धुतलेला कुर्ता वाळला होता. डाग फिका झाला होता, गेला नव्हता. मावशींनी रिकामी बाटली धुवून पुसून आणली होती. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत जळगावपासून पळसदेवपर्यंत एकच. आमच्याकडे त्यात साखरेचे चार दाणे टाकतात. मी बाटलीकडे बघितलं तर ती रिकामीच होती.

"थांब," म्हणून मावशी शिडीनं माळ्यावर चढल्या. वरून धप्प करून काहीतरी खाली पडलं. मग आणखी. लसणाच्या जुड्या, पातीसकट वळून बांधलेल्या.

"दिवाळीला आलती तवा दारातल्या वाफ्यात तिनं लावला," मावशी वरूनच बोलत होत्या. "तिनं मातीत घातला, म्या उपटला. ह्यांच्यापुरता ठिवलाय. बाकीचा ने."

खाली उतरून त्यांनी एक गड्डा फोडला, न सोललेल्या पाकळ्या त्या बाटलीत टाकल्या आणि बूच घट्ट लावलं. बोटं नाकाशी नेली नाहीत, पदराला पुसली.

"आंबट कमी कर. आन् घिऊन ये. तू खा, मी बसते म्होरं."

रस्त्यावर पुण्याची गाडी मिळाली. जुड्या पिशवीत मावेनात, पाती बाहेर लोंबत होत्या. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "काय भावानं घेतला ओ ताई लसूण? गावरान दिसतोय."

"घेतला नाही," मी म्हणाले. "घरचा आहे."